लोफोटेनची रंगीत तालीम

२ एप्रिल

डॉक्टरांनी ही वही लिहायला लावली. बीपी एकशे ऐंशीच्या पुढं गेलं म्हणून. म्हणाले, "अवधूतराव, राग आला की कागदावर काढा, माणसांवर नको." मी म्हटलं, मला कुठं राग येतो? तर माझ्याकडं नुसतं बघत बसले. शिकलेली माणसं अशीच असतात, गोळी द्यायची सोडून गृहपाठ देतात. असो. सकाळी ऑफिस उघडल्यावर गिऱ्हाईक येईपर्यंत अर्धा तास मिळतो, तेवढ्यात लिहीन.

सात रस्त्यावर माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे, एकोणीस वर्षं झाली. काशी, तिरुपती, अष्टविनायक, गोवा. सोलापूरची माणसं नेली आणि मोजून परत आणली. यंदा पहिल्यांदाच परदेश. तेही स्वित्झर्लंड नाही, तिथं काय कुणीही उठून जातं. नॉर्वेच्या पार उत्तरेला समुद्रात लोफोटेन नावाची बेटं आहेत. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतच नाही. चौदा जूनला निघायचं. एकवीस जणांनी नावं दिलीत, बहुतेक रिटायर मंडळी.

माझ्या टूरला शिस्त असते. प्रत्येकाला नंबर. गाडीत बसलं की एकापासून सुरू करून ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडून सांगायचा, आणि शेवटच्यानं नंबर सांगून म्हणायचं, "गाडी भरली!" त्याशिवाय चाक हलत नाही. आणि कागदपत्रं सगळी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. बायकांची लीडर म्हणून या खेपेला माझी बायको येणार, तिचा नंबर बावीस. मला नंबर नाही. मोजणाऱ्याला कशाला पाहिजे नंबर?

इंद्रायणी पूर्वी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. मीच सोडायला लावली नोकरी. स्टाफरूममध्ये बसून बायका घरच्या गोष्टी चघळतात, मला ते चालत नाही. आता तो भूगोल कामाला आला. टूरची पुस्तिका तीच लिहिते आहे.

७ एप्रिल

डॉक्टर म्हणाले खरं लिहा, म्हणून लिहितो.

पुस्तिकेत पहिलं पान कशाचं, यावरून झालं. लोफोटेनच्या खालच्या टोकाशी समुद्रात एक भोवरा आहे, मोस्कस्त्राउमेन. भरती-ओहोटीला पाणी गरगर फिरतं, जुन्या काळी जहाजं त्याला टरकायची. मी म्हटलं, हाच पहिल्या पानावर पाहिजे, मोठ्या अक्षरात. माणसाला जरा धडकी भरली पाहिजे, त्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. तर ही म्हणते, "अहो, तो बोटीतून दरवेळी नीट दिसेलच असं नाही. पहिल्या पानावर हाउकलांडचा किनारा घेऊ की. पांढरी वाळू, हिरवं पाणी, मागं डोंगर. म्हाताऱ्या माणसांना बरं वाटेल."

मला शिकवायला लागली. माझ्या धंद्यात. मला.

हातात पाण्याचा तांब्या होता, तो फेकला. भिंतीवर फेकला होता, ती मध्ये आली. कपाळाला लागला. तीन टाके पडले. रिक्षातून मीच घेऊन गेलो, मीच परत आणली, येताना शहाळं पण पाजलं. पहिल्या पानावर भोवराच आहे.

१२ एप्रिल, रविवार

ऑफिसात प्रवाशांची पहिली बैठक. आता दर रविवारी घेणार. इंद्रायणीनं माहिती सांगितली. खोटं कशाला बोलू, सांगते छान. स्वोल्वेर गाव, तिथून बोटीनं ट्रोलफ्योर्ड, म्हणजे दोन कड्यांच्या मधली अरुंद खाडी, बोट जेमतेम मावते. हेनिंग्सवेर गावात खडकावर फुटबॉलचं मैदान, तिन्ही बाजूंनी समुद्र. नुसफ्योर्डच्या लाल लाकडी झोपड्या, पूर्वी कोळी राहायचे, आता आपण राहायचं. रस्ताभर लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले असतात, मुंडकी वेगळी, धडं वेगळी. मला ते मांडव आवडले. आणि सगळ्यात शेवटी एक गाव आहे, नावच नुसतं 'ओ'. तिथं मोठा रस्ता संपतो. ती म्हणाली, "हितं आलं की पुढं रस्ता न्हाय. पुढं नुसता समुद्र." आणि नकाशावरचं बोट तिथंच ठेवलं. मला वाटलं, विसरली वाटतं पुढचं.

दुधनीच्या अक्कम्मा म्हणून एक बाई आहेत, नंबर चार. चाळीस वर्षं नर्स होत्या. आडव्यातिडव्या बांध्याच्या, आवाज बैलाला दमात घेतील असा. इंद्रायणीच्या कपाळाकडं बघून म्हणाल्या, "अय्यो, हे काय हो?"

इंद्रायणी म्हणाली, "कपाटाचं दार लागलं."

"व्हय? मी लई कपाटाची दारं बघितली बा नोकरीत," अक्कम्मा म्हणाल्या आणि चष्मा पुसून माझ्याकडं बघितलं. अनुभवी बाई. अशी माणसं टूरला असली की आधार असतो.

२१ एप्रिल

सिद्धारामला काल ठेवून दिली. माझा ड्रायव्हर आहे, नऊ वर्षं झाली. तुळजापूरहून गाडी पाऊण तास उशिरा आणली. म्हणे एका म्हातारीला उलट्या व्हायला लागल्या म्हणून थांबलो. म्हातारी महत्त्वाची की टायमिंग? प्रवाशांच्या देखत कानाखाली वाजवली. तो हात मागं बांधून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "साहेब, माज्या पोराच्या वयाची माणसं बघायलीत की."

आज सकाळी वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर. इंद्रायणी चहा घेऊन आली होती ऑफिसात, तिनं त्याला कप दिला आणि दोघं काहीतरी बोलत उभी होती. मी खोकलो तशी पांगली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणे असतात कुठं? बाकीच्यांना हाताचाच लागतो.

२९ एप्रिल

व्हिसा आले! बावीसच्या बावीस, आणि माझा. एकही नाकारला नाही. ऑफिसच्या दारात नारळ फोडला, पेढे वाटले. पासपोर्टची चळत कपाटात ठेवली.

इंद्रायणी म्हणाली, "माझा बघू का जरा?" दिला. पोरगी बाहुलीला धरते तसा दोन्ही हातांनी धरून बसली. पान उलटते, परत मागं येते, स्वतःचा फोटो बघते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, आण इकडं. म्हणाली, "माझ्याकडं राहू द्या की. माझाच आहे."

माझाच आहे! हा शब्द कुठून शिकली?

मनगट धरून काढून घेतला. जरा जोरात धरलं गेलं. आवाज झाला तो टेबलाचा असेल असं मला वाटलं.

३ मे, रविवार

बैठक. अक्कम्मांनी इंद्रायणीचा हात बघितला, तिथंच पट्ट्या आणि फळी मागवून बांधून दिला, आणि बरोबर जाऊन एक्सरे काढून आणला. हाडाला चीर आहे म्हणे. मी म्हटलं, न्हाणीत घसरली. त्या म्हणाल्या, "तारीख कोणती होती घसरायची?" मी सांगितली, एकोणतीस. त्यांनी छोट्या डायरीत टिपून घेतली. जुन्या नर्सांची सवय जात नाही. फुकटात नर्स मिळाली टूरला, नशीबवान आहे मी.

बायका हल्ली इंद्रायणीभोवती गोळा होऊन असतात. नंबर नऊ गुलबानो मॅडम, उर्दू शाळेच्या रिटायर हेडमास्तरीण, सत्तरीच्या, हातात काठी. त्या तिला गॅलरीत घेऊन गेल्या आणि अर्धा तास कुजबूज. मी आत गेलो तर विषय काय? तर लोफोटेनला थंडी किती असते. चांगलं आहे. ग्रुप जमला की टूर निम्मी यशस्वी होते.

मोठ्या मनानं एक कबूल करतो. तो हात बघून मला वाईट वाटलं. मी तिला चिंतामणी रंगाची साडी आणली. नेसली नाही अजून, हात बांधलेला आहे म्हणून असेल.

१० मे, रविवार

पुढच्या रविवारी रंगीत तालीम. हे माझं स्वतःचं डोकं, सोलापुरात दुसरा कुणी करत नाही. पंधरा वर्षांपूर्वी काशीला एक आजोबा हरवले, तीन दिवस सापडले नाहीत, माझ्या तोंडाचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या टूरच्या आधी मी अख्खी टूर सोलापुरातच एकदा करून घेतो. गाडी, बॅगा, मोजणी, सगळं खऱ्यासारखं. आणि एक माणूस मुद्दाम हरवायचा. त्याला कुठंतरी सोडायचं, तासाभरानं बाकीच्यांनी शोधायला निघायचं. नियम एकच, हरवलेल्यानं जिथं आहे तिथं थांबायचं. शोधून काढेल त्याला बक्षीस.

या खेपेला हरवणार कोण, यावर चर्चा. गुलबानो मॅडम म्हणाल्या, "भाईजान, आम्ही बुढी माणसं. ह्या उन्हात हरवलो तर खरंच हरवू. तुमच्या मॅडमना हरवू द्या ना."

सगळ्यांनी एकदम हात वर केले. एकवीस हात. अशी एकजूट मी काशीच्या टूरलासुद्धा बघितली नव्हती.

अक्कम्मा म्हणाल्या, "आणि पासपोर्ट पण वाटा त्या दिवशी. जवळ ठेवायची सवय नको का व्हायला? खऱ्यासारखं म्हणजे खऱ्यासारखं की."

मुद्दा बरोबर होता. एकोणीस वर्षांत मी कुणाच्या हातात कागद दिले नव्हते, पण ही मंडळी शिकायला तयार आहेत, तर द्यावेत एक दिवस. इंद्रायणीला विचारलं, जमेल का? ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." पायातली वहाण पायात राहिली की अशी शोभते. पुस्तिकाही छापून आली. पहिली आठ पानं मी तपासली होती, ठिकाणांची. शेवटचं 'हरवल्यास काय करावे' मी तोंडी सांगितलं आणि तिनं उतरून घेतलं, ते पुन्हा काय बघायचं?

१७ मे, रविवार, सकाळी सहा

निघतोय. आज सिद्धारामची गाडी, तेवीस जणांचे जाड जर्किन, एकवीस बॅगा. दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकणार आणि ही म्हातारी मंडळी कानटोप्या घालून उभी आहेत. सोलापूरकरांना तोड नाही!

१८ मे

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर लहान पोरासारखं येतंय.

क्रमानं लिहितो. सात वाजता मोजणी झाली. एक, दोन, करत एकवीस. मग इंद्रायणी म्हणाली, "बावीस. गाडी भरली." नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, नॉर्वेत असं बोलशील तर वारा घेऊन जाईल आवाज. कुणी हसलं नाही.

स्टेशन म्हणजे स्वोल्वेर. भुईकोट किल्ला म्हणजे बोर्ग, तिथं जुन्या दर्यावर्दी लुटारूंचं लांबलचक घर आहे म्हणून. सिद्धेश्वर तलाव म्हणजे समुद्र आणि मधलं देऊळ म्हणजे बेटावरचं रेइने गाव. कंबर तलाव म्हणजे हाउकलांडचा किनारा. साडेआठला इंद्रायणीला स्टेशनवर सोडलं. पासपोर्ट तिच्या गळ्यातल्या पाकिटात, पाठीवर पिशवी. मी बजावलं, "हलायचं नाही." ती म्हणाली, "अहो, येते." जाताना वळून बघितलं नाही.

साडेनऊला शोध सुरू. नंबर दोन म्हणाला, मॅडम किल्ल्याजवळ दिसल्या. गेलो किल्ल्यावर. नाहीत. नंबर सतरा म्हणाली, आत्ता देवळाच्या वाटेवर होत्या. देवळात गेलो. नाहीत. गुलबानो मॅडम म्हणाल्या, कंबर तलावावर एक बाई बसलेली बघितली, अल्ला कसम तशीच साडी. तिथं गेलो तर बगळे. साडेबारा वाजले. जर्किन घालून मी घामानं न्हालो आणि ही एकवीस माणसं झाडाखाली बसून कलिंगड खात होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुणीही शोधत नाहीये. बक्षीस लावलेलं असताना.

गाडीत चढवलं सगळ्यांना. ओरडलो, "मोजणी!"

एक. दोन. तीन. प्रत्येकानं छातीतून नंबर सांगितला. एकवीसपर्यंत. मी विचारलं, बावीस कुठाय?

अक्कम्मा म्हणाल्या, "हरवली. तुमीच हरवली की."

"कुठं आहे ती?"

"सुम्मने, गप बसा खाली. बीपी वाढंल."

मग माझ्या डोक्यात काय शिरलं मला ठाऊक नाही. पुढच्या सीटवर गुलबानो मॅडम होत्या, त्यांची काठी हिसकून खिडकीवर मारली. काच खळ्ळकन फुटली, त्यांच्या मांडीवर पडली. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या शाळेत असली पोरं पाचवीत असायची, भाईजान." मी हात उचलला. सत्तर वर्षांच्या बाईवर उचलला, लिहितो, डॉक्टरांनी खरं लिहा सांगितलंय.

तो खाली आलाच नाही. मागून सिद्धारामनं धरला. म्हणाला, "साहेब, बास." मी लाथ मारली, त्यानं पिरगाळला. मी दुसऱ्या हातानं त्याचं तोंड फोडलं, त्याच्या ओठातून रक्त आलं, तरी सोडेना. कुणीतरी माझे पाय धरले, कुणी जर्किनची कॉलर. म्हातारे लोक! गुडघ्याला पट्टे बांधणारे लोक! गाडीच्या मधल्या वाटेत मला आडवा पाडला, आणि मनगटातून आवाज आला. या खेपेला तो टेबलाचा नव्हता, हे मला कळलं.

मी किंचाळलो. अक्कम्मा उठून आल्या. पिशवीत फळी, पट्ट्या सगळं होतं. तशीच फळी, तशाच पट्ट्या. घट्ट बांधलं, जराही न दुखवता, आणि गाठ मारून म्हणाल्या, "कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक हाय. न्हाणीत घसरलात."

२० मे

चौकीवर गेलो, बायको पळाली म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं माझ्याकडंच बघायला लागले. माझ्या आधीच कागद जाऊन पडले होते. कपाळाचे टाके, मनगटाचा एक्सरे, आणि अक्कम्मांच्या डायरीतली पानं. त्यात एप्रिलच्या आधीच्याही तारखा आहेत, इंद्रायणीनं सांगितलेल्या. अकरा वर्षांतल्या. एवढ्या तारखा भरतील असं मला वाटत नव्हतं. मला नोटीस दिली. दर सोमवारी हजेरी, आणि जिल्ह्याबाहेर जायचं नाही, नॉर्वे लांबच राहिलं.

घरी आलो. साडी कपाटात, घडी न मोडलेली. तिचा शाळेतला जुना नकाशांचा गठ्ठा तेवढा नाही.

२४ मे

दुधनीला गेलो. तालुका ओलांडला, जिल्हा नाही, म्हणजे चालतं. अक्कम्मांचं घर विचारत गेलो. आत पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता आणि इंद्रायणी काहीतरी बोलून हसत होती. मी तिचं हसणं ओळखलं नाही आधी, मला वाटलं शेजारीण असेल.

अक्कम्मा दारात आल्या. मी म्हटलं, दोन शब्द बोलायचेत. त्या म्हणाल्या, "दुसरं मनगट बाकी हाय अजून." गल्लीतल्या बायका कामं सोडून उभ्या राहिल्या. मी एसटीनं परत आलो.

१४ जून

आज ते निघाले. तिकिटं प्रत्येकाच्या नावावर, पासपोर्ट प्रत्येकाच्या हातात. तालमीच्या दिवशी मीच वाटले होते. माझी खुर्ची रिकामी गेली विमानात.

सकाळपासून पुस्तिका चाळत बसलो. शेवटचं पान आज पहिल्यांदा वाचलं. मी सांगितलं होतं, 'हरवलेल्या प्रवाशाने आहे तिथेच थांबावे, लीडर येऊन घेऊन जाईल.' छापलंय ते असं: 'हरवल्यासारखे वाटल्यास घाबरू नये. जिथे मारणारे कोणी नाही अशा ठिकाणी जावे. सोबतची माणसे तुम्हाला शोधून काढतील.' दोन हजार प्रती छापल्यात. वर माझा फोटो.

१९ जून

टूरच्या ग्रुपवरून मला कुणी काढलेलं नाही. गुलबानो मॅडमनी मुद्दाम ठेवलं असणार, हेडमास्तरीण शेवटी.

आज व्हिडिओ आला. 'ओ' गाव आहे. रस्ता संपलाय, खडक आहेत, खाली समुद्र आपटतोय, पांढरं पाणी दगडांवर चढतंय आणि फुटतंय. वारा एवढा की कानटोप्या हातानं धरून उभे आहेत सगळे. मोजणी चालू आहे. एक. दोन. अक्कम्मा चार. गुलबानो मॅडम नऊ, नवी काठी. सतरा, अठरा. एकवीस. मग व्हिडिओ काढणारा हात वळला आणि इंद्रायणी दिसली. हाताची फळी सुटलेली. तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडली. एवढ्या वाऱ्यात, एवढ्या लाटांत, लख्ख ऐकू आलं.

"बावीस! गाडी भरली!"

फोन भिंतीवर फेकायला हात उचलायला गेलो. उजवा अजून उचलला जात नाही. डाव्यात फोन तसाच राहिला आणि व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला. मी सवयीनं मोजत गेलो. एक ते बावीस. तीनदा मोजलं, बरोबर भरतंय. कुणीही कमी नाही. मी स्वतःला नंबर कधी दिलाच नव्हता.